फेस येईना

"निशा, उतू जाईल गं ते!"

"मामा, मेण आहे. दूध नाही."

सासरे खुर्चीत बसले, म्हणजे क्षणभरच. मग उठून बाल्कनीत गेले, परत आले, नळ घट्ट बंद आहे का बघितलं, पुन्हा पातेल्यात डोकावले. सकाळपासून हेच. लिफ्टने खाली, लिफ्टने वर. वॉचमननेसुद्धा "कुठं निघालात?" विचारायचं सोडून दिलं होतं.

पुण्याजवळ मांजरी गावात आमची बिल्डिंग आहे तिथे त्यांचा ऊस होता, कडेला गुऱ्हाळ. मामा स्वतः गूळ करायचे. रसाचा फेस बघून कढई कधी उतरवायची ते सांगायचे, आणि गूळ कधी बिघडला नाही म्हणे. जमीन बिल्डरला गेली, फ्लॅट मिळाले, हातांना काम उरलं नाही. मी नारायण पेठेतली, स्पष्टच सांगते: दिवसभर पायात पायात येणारा माणूस मला झेपत नव्हता.

त्यात हिंजवडीच्या एका ऑफिसने दिवाळीसाठी मेणबत्त्या मागवलेल्या. माझी पहिली मोठी ऑर्डर. नुसतं सोयाचं मेण ऑक्टोबरच्या उन्हात मऊ पडतं, म्हणून मी त्यात पॅराफिन घालते. दोन्ही एकजीव व्हायला पातेलं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून हळूहळू वितळवावं लागतं.

मेण ओतायला मागवलेल्या काचेच्या ग्लासांचा टेम्पो आला. "आलेच मी. कशाला हात लावू नका," म्हणून खाली गेले.

वर आले तर दारातच जळका वास. पाण्याचं भांडं बाजूला, पातेलं थेट मोठ्या आचेवर, मेणातून धूर, आणि मामा डाव घेऊन वाकलेले. धावत जाऊन मी गॅस बंद केला.

"अहो, घर पेटलं असतं!"

"पाण्यावर कुठं काय शिजतंय? म्हटलं, जरा आच लावू. फेस आला की उतरवणार हुतो." त्यांचा आवाज बसला. "फेस येईना गं."

"मेणाला फेस येतच नाही! कळत नाही तर बसून राहा ना एका जागी!"

त्यांनी डाव ओट्यावर ठेवला आणि ते निघून गेले. मेण पिवळं पडलं होतं. सगळं फेकताना मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी नवं मेण घेऊन बसले, तर स्वयंपाकघराच्या दारात मामा. आंघोळ झालेली, अंगात धुतलेला सदरा. घरातल्या सपाता त्यांनी उंबऱ्याबाहेर काढल्या.

"त्या कशाला काढल्या?"

"कढईपाशी पायताण घालून जात न्हाईत." मग म्हणाले, "गुळाचं मला कळतं, ह्यातलं काय बी कळत न्हाई. तू शिकव. चुकलं तर रागाव. पर नुसतं बसून राहा, असं म्हणू नको."

मी खालचं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि पाणी भरायला सांगितलं.

"किती भरू?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगेपर्यंत नळाला हात लावला नाही.