विहिरीचा उपवास

रॉइस टिल्डनने लोखंडी चाक फिरवलं, नळातून घोंघावत वायू सुटला आणि कुंपणाबाहेरच्या साठ-सत्तर माणसांनी एकच गजर केला, "हालेलुया!" वायू मोजणाऱ्या काट्याने टुणकन उडी मारली होती.

"पाहिलंत?" हॅट छातीशी धरून टिल्डन म्हणाला. "शहरातले शहाणे म्हणाले, वायूची ही विहीर संपली. अहो, संपेल कशी? उपवास धरलाय तिने! गुरुवारी चाक बंद, रविवारी प्रार्थना, की विहीर पुन्हा बाळसं धरते. देवाची गाय आहे ही, आटायचीच नाही!"

पेन्सिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात सगळी वस्ती दूधवाल्यांची. गाईचं नाव काढताच कितीतरी डोळे पाणावले. बोलणाऱ्याने जन्मात एक धार काढली नव्हती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गर्दीच्या मागे उभी असलेली लोर्ना वँडरमार्क मात्र टिल्डनच्या दुसऱ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. खडकातला वायू किती वर्षं पुरेल याचं संगणकावर गणित मांडणं हा तिचा धंदा. टिल्डन जो कागद फडकावत होता, त्यावरची चाळीस वर्षं चालणारी रेघ तिनेच काढली होती, आणि खाली सहीही तिचीच होती. टिल्डनने तिला फक्त रविवारचे आकडे दिले होते. "बाकीचे दिवस?" असं तिने विचारलं होतं. "मीटर बिघडला होता गं," तो म्हणाला. मोठं काम हातचं जाऊ नये म्हणून ती मूग गिळून बसली होती. आता तिला स्वतःचीच शरम वाटत होती.

प्रार्थनेनंतर चर्चच्या दालनात जेवण होतं. तिचे वेंडेल काका ताट घेऊन तिच्या शेजारी बसले.

"उद्या सकाळी ट्रक येतोय," ते म्हणाले. "सगळ्या गाई विकून टाकतोय. या टिल्डनच्या पुढच्या विहिरीत हिस्सा घ्यायचा."

"काका, तुमचा त्या उपवासावर विश्वास बसला?"

"छे! मला काय खुळा समजलीस? त्या बडबड्याच्या शब्दावर मी वासरूसुद्धा विकणार नाही. पण कागदावर तुझी सही आहे ना, पोरी."

लोर्ना ताडकन उठली आणि टेबलावरची गोड सोड्याची बाटली घेऊन तिने सगळ्यांसमोर बूच काढलं. फस्स! बूच पुन्हा घट्ट लावलं.

"आता कोणी प्रार्थना करू नका. नुसते थांबा."

पाच मिनिटांनी तिने बूच काढलं. पुन्हा फस्स!

"पोरीला ऊन लागलंय," टिल्डन हसला.

"विहिरीचंही असंच आहे," लोर्ना म्हणाली. "पाण्याच्या जोराने खडक फोडतात, भेगा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. भेगेजवळचा वायू धावत येतो. मागचा दगडातून मुंगीच्या पावलांनी झिरपतो. चाक बंद ठेवलं की भेगा हळूहळू भरतात, दाब चढतो. उघडलं की हा घोंघाट! बुधवारपर्यंत पुन्हा मरगळ. म्हणून तर गुरुवारी उपवास! मी नुसते रविवारचे आकडे घातले, मग रेघ चाळीस वर्षं जाणार नाही तर काय?"

"ही श्रद्धेची परीक्षा आहे..." टिल्डनने सुरुवात केली.

"मग या आठवड्यात उपवास नको," वेंडेल काका म्हणाले. "चाक उघडंच ठेव. आम्ही बुधवारपर्यंत काटा बघत बसतो."

"बुधवारी... मला जरा बाहेरगावी जायचंय."

दालन हास्याने दणाणलं. काकांनी तिथूनच फोन करून ट्रक नको म्हणून सांगितलं. लोक लोर्नासाठी टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात समोरच्या बाकावरून नेटी हॅलॉक उठली.

"माझ्या गाई मी गेल्या महिन्यातच विकल्या, लोर्ना. मीही तुझीच सही पाहिली होती. हे तुला तेव्हा कळत नव्हतं?"

टाळ्या थांबल्या.

"कळत होतं," लोर्ना म्हणाली. "मीटरची थाप मला पटली नव्हती. तरी मी सही केली."

"मग आता आम्ही विश्वास ठेवायचा तरी कोणावर?"

"माझ्यावरही नको, नेटीताई. प्रार्थना म्हणणारा असो नाहीतर सही ठोकणारी, आधी विचारा, बाकीच्या दिवसांचे आकडे कुठे आहेत? आणि उत्तर पटेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. मी एकदाच विचारलं, म्हणून तुमचा गोठा रिकामा झाला."