भूल देण्याआधी

तुक्ताच्या ओठाच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पिवळा ठिपका सुकून चिकटला होता. मी दिवा जवळ घेतला. अंड्याचा बलक.

"हिला काय दिलंस, मनीचान?"

"काही नाही, ताई. रात्रीपासून पाणीसुद्धा नाही." मग तिचा चेहरा उतरला. "पहाटे सहाला माझ्या आईनं हिच्या मनगटाला दोरे बांधले. झोपेत जीव भटकू नये म्हणून. तेव्हा हातात अंडं देतात ना, ते खाल्लं हिनं. ते जिवाचं असतं."

"आणि जिवाचं पोट निराळं असतं होय गं?" आमची नर्स बुआखम म्हणाली.

मी पुन्हा समजावलं. तीन महिन्यांत चौथ्यांदा. चार वर्षांच्या पोरीचे आठ दात किडलेत, जागेपणी ती तोंड उघडू देत नाही. भुलीत नाकातून श्वासाची नळी घालू, पाच दात काढू, तीन भरू. पोटातलं अन्न वर आलं तर फुप्फुसात जातं, म्हणून उपाशी. धोका थोडा, पण आहे. नाही केलं तर गाल पुन्हा सुजणार, आणि दर वेळी औषधानं उतरेलच असं नाही.

भूल देणारे डॉक्टर इकडे लाओसात, सवन्नखेतला महिन्यातून एकदाच येतात. त्यांनी घड्याळ पाहिलं. "अंड्याला आठ तास होऊ देत, दोनला घेतो. तोवर संमतीचा कागद पुरा करा."

कागदावर सही नव्हती. "हिच्या बापाला विचारते," असं मनीचान दर वेळी म्हणे. तो नदीपलीकडे, थायलंडात, बांधकामावर.

दुपारी सगळे जेवायला गेले. तुक्ता बाकावर गाल धरून झोपली होती. मनीचान फोन लावत होती. तो वाजत राही, मग थांबे. मी तिच्या शेजारी बसले.

"शेवटचं कधी बोललात?"

"नव्या वर्षाला. मागच्या नाही, त्याच्या मागच्या."

"घरी माहीत आहे?"

"आईला सांगते, तो खुशाल आहे. रविवारी अंगणात जाऊन बोलल्यासारखं करते."

पंखा फिरत होता. तिनं फोन पिशवीत टाकला.

"माझी एकटीची सही चालते का, ताई?"

"चालते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी." तिनं कागद मांडीवर ओढला. "आता त्याला नाही विचारायचं. हिची मी आहे. झोपवा हिला."