मुळासकट वेल

एर्लिंदा सिनुइरीच्या घरामागे, उकायाली नदीच्या काठाला, आयावास्काच्या वेली झाडांवर चढवलेल्या होत्या. तिच्या आईने लावलेली वेल सगळ्यांत थोराड, मांडीएवढी जाड. कापायची रीत ठरलेली होती. कोयता कमरेच्या वर घालायचा, खालचं खोड आणि मूळ राखायचं, आणि कापलेल्यातलाच एक तुकडा शेजारी मातीत खोचायचा.

या रीतीवर भाळूनच राजधानी लिमाची व्यापारी हिमेना इथून वेल घेऊ लागली होती. तुकडे ती परदेशी पाठवायची. पुडीवर छापलेलं असायचं: 'वेल राखून कापलेला वनस्पतीचा नमुना. सेवनासाठी नाही.' रोग्याचं दुखणं कळावं म्हणून एर्लिंदाचे वैदू आजोबा जिचा भास दाखवणारा काढा प्यायचे, ती वेल लोक म्हणे कपाटात ठेवून बघत बसणार. बसू देत बापडे, म्हणून तिने तो विचार सोडून दिला होता.

त्या उन्हाळ्यात हिमेना कॅमेरा घेऊन आली आणि सकाळपासून एकेक मागणी सुरू झाली. एर्लिंदाने गमबूट काढावेत, अनवाणी चांगलं दिसतं. सणाचा भरतकामाचा घागरा नेसावा. कापताना वेलीसाठी गाणं म्हणावं.

"गाणं आजाऱ्यासाठी असतं," एर्लिंदा म्हणाली. "हिला काय ताप आलाय?"

पण तिचा धाकटा भाऊ विल्देर मध्ये पडला. नाही हा शब्द त्याच्या तोंडाला ठाऊकच नव्हता. गावचा मुखिया झाल्यापासून तर तो येणाऱ्याजाणाऱ्याला हो म्हणत सुटला होता. ताई, एवढं काय त्यात, पाहुणी लांबून आलीये, असं त्याने इतकं घोकलं की कटकट नको म्हणून ती घागरा नेसायला घरात गेली. पेटीतल्या घडीत मुंग्यांनी घर केलं होतं. त्या झटकण्यात बराच वेळ गेला, दोनदा चावूनही घेतलं, आणि चिडचिडत ती बाहेर आली.

आईची वेल जमिनीवर पडली होती. मुळासकट. विल्देर कुदळीला टेकून घाम पुसत हसत होता.

"हे काय केलंस?"

"हिमेनाबाई म्हणाल्या, काही गिऱ्हाइकांना मुळासकट नमुना हवाय."

"आणि पुडीवर काय छापणार? वेल राखून कापलेला?"

हिमेनाचा चेहरा पडला. ती म्हणाली की तिने नुसतं विचारलं होतं, तेही एखाद्या लहानशा रोपाबद्दल. मग तसं सांगायचं होतं, विल्देर म्हणाला. दोघं एकमेकांना समजावू लागले, आणि एर्लिंदाला त्यातलं एक अक्षरही ऐकायची इच्छा उरली नाही. तिने घागरा गुडघ्यापर्यंत खोचला, गमबूट चढवले आणि आडव्या वेलीचे हातभर लांब तुकडे करायला घेतले.

"खड्डे खणा," ती म्हणाली. "दोघंही."

विल्देरने सांगून पाहिलं की त्याला गावसभा आहे. हिमेनाने हळूच विचारलं, "मावशी, एखादा तुकडा मला नेता येईल?"

"एकही नाही."

हिमेनाने कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि फावडं उचललं. ऊन कलेपर्यंत सगळे तुकडे लावून झाले. हिमेनाच्या तळहातांना फोड आले होते, तरी तिने तक्रार केली नाही. कण्हण्याचं काम विल्देरने दोघांच्या वाटचं केलं. उपाशी धाडणं बरं नव्हे म्हणून एर्लिंदाने भाजलेला मासा आणि उकडलेली केळी पुढ्यात ठेवली. हिमेनाची होडी रिकामीच परत गेली.

पावसाळ्यात निम्म्याहून जास्त तुकड्यांना पालवी फुटली. पुढच्या खेपेला हिमेना कॅमेऱ्याशिवाय आली. मुळाचं तिने नावही काढलं नाही, आणि आधी जाऊन ते अंकुर पाहून आली. विल्देर तिच्या मागोमाग हिंडत होता. गावासाठी ही नवी लागवड आपणच पुढाकार घेऊन करवली, असं तो तिलाच सांगत होता. एर्लिंदाने ऐकलं, कपाळावर हात मारला आणि चूल पेटवायला निघून गेली.