मच्छिंद्रची तपासणी

"सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, एकशे ऐंशीवर आलाय," दवाखान्यातल्या सविता मॅडमनी रिपोर्ट पुढं केला. "मागच्या वेळी साडेचारशे होता. गोळ्या कधी बंद केल्यात?"

"दिवाळीपासून," राजनंदिनी पुटपुटली.

दौंड स्टेशनाबाहेर धंदा करायला लागून तिला अकरा वर्षं झाली होती. त्यातली चार वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या चालू होत्या. निरोधाशिवाय ती कुठल्याच गिऱ्हाईकाला जवळ येऊ देत नसे. न्हावरे गावचा मच्छिंद्र मात्र गिऱ्हाईक नव्हता, तिच्या जिवाचा माणूस होता. तिनं निरोध पुढं केला की त्याचा चेहरा पडायचा, म्हणून त्याच्यापुरता तिनं तो सोडला होता. दिवाळीनंतर तो चार-चार दिवस मुक्कामी राहू लागला आणि गोळ्यांची डबी त्याला दिसेल या धास्तीनं तिनं गोळ्याच सोडल्या.

"गोळ्यांनी विषाणू दबलेला होता, तोवर त्याला धोका नव्हता," तिनं मच्छिंद्रबद्दल सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या. "आता त्यालाही धोका आहे. आणि तुमच्या अंगात साध्या खोकल्याशी लढायची ताकद उरलेली नाही."

त्याच दुपारी तिनं मच्छिंद्रला सगळं सांगितलं.

"म्हंजी मला झालाय?"

"ठावं न्हाई. तपासून घ्या. घरच्यांचीबी तपासणी करा."

"घरी बायकूला, धुरपदाला, काय तोंड दाखवू?" तो उठला. नंतर त्यानं फोनही उचलला नाही.

राजनंदिनीनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. डबी आता उघड्यावर, फळीवर ठेवली. ती ज्या तृतीयपंथीयांच्या घरात राहायची, तिथली तिची गुरू साखरबाई आपल्याला घराबाहेर काढील अशी तिला भीती होती. साखरबाईनं डबी हातात घेऊन पाहिली आणि एवढंच विचारलं, "जेवून घेतीस का उपाशीपोटी?"

तीन आठवड्यांनी ती दवाखान्यात गेली, तर बाकड्यावर मच्छिंद्र बसलेला. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई. मच्छिंद्रनं मान वर केली नाही. बाई उठून समोर आली.

"तूच व्हय राजनंदिनी?"

"व्हय."

"दोघांचंबी रिपोर्ट चांगलं आलं. तीन म्हयन्यांनी परत बोलावलंय." धुरपदानं हातातल्या रिपोर्टची घडी घातली. "तू सांगितलंस ते बरं केलंस. ह्यानं कवाच सांगितलं नसतं. पर आता ह्याला दारात घेऊ नगंस."

राजनंदिनीला मच्छिंद्रकडं बघावंसं वाटलं. तिनं बघितलं नाही.

"न्हाई घेत, ताई," ती म्हणाली आणि गोळ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.