डाग काढून दिलेत

मला मेलीला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बहिणीची मुलगी माझ्या दारात आली, ओढणी बाजूला करून मान दाखवली, तेव्हा कपाटातला भावाचा जुना डिजिटल कॅमेरा काढला आणि खटाखट फोटो घेतले. फ्लॅश असा पडला की सगळं अंग पांढरंफटक. वळ कुठले नि कातडी कुठली, काही कळेना.

"मावशी, यात मी केवढी गोरी दिसतेय," भाची म्हणाली. तिला हसू आलं, मला रडू.

वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पुरावा आणा. दवाखान्यात नवरा शेजारीच उभा, म्हणून ही बावळट 'जिन्यावरून पडले' असं सांगून बसली होती. तिची लेक, चिमणी, त्याच्याच घरी. फोटोत वळ दिसले तर कोर्ट चिमणीला आईकडे देईल. नाही दिसले तर लेकीपायी भाचीला परत त्याच घरात जावं लागेल. आणि वळ तर दिवसागणिक फिके पडत चाललेले.

मी तडक कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेले. कशासाठी ते सांगितलं नाही. घरातली लाज चव्हाट्यावर कशाला? म्हटलं, कॅमेरा शिकायचाय, आजच.

"या वयात?"

"वयाचं मी बघते, तुम्ही कॅमेऱ्याचं बोला."

माणूस भला. हातातलं काम सोडून शिकवायला बसला. फ्लॅश बंद करा. बटण आधी अर्धं दाबा, चौकट हिरवी झाली की मगच पूर्ण. "आणि उजेड समोरून आला की सगळं सपाट दिसतं. बाजूने आला की एकेक सुरकुती वर येते. बायकांचे फोटो तसे काढाल तर शिव्या खाल," म्हणून हसला.

मला तेच तर हवं होतं.

घरी भाचीला खिडकीशी स्टुलावर उजेडाला बाजू देऊन बसवलं, पडदा अर्धा ओढला. कोपरं छातीशी टेकवली, श्वास धरला, बटण अर्धं दाबलं. मानेवर त्या राक्षसाची बोटं मोजता येतील इतकी स्पष्ट आली. मला चक्क आनंद झाला. जमलं म्हणून! मग स्वतःचीच किळस आली.

कॅमेऱ्यातलं कार्ड फोटोवाल्याकडे टाकलं. "भाचीचे आहेत, चांगले छापा," एवढंच बोलले.

चार दिवसांनी पाकीट आणायला गेले तर स्वारी खुशीत. "मावशी, फोकस काय नेमका लागलाय! फक्त पोरीच्या अंगावर डाग फार होते हो, कातडीचं काही दुखणं असेल. मी बसून सगळे काढून दिलेत. असू दे, शिकाऊ माणसाला तेवढी मदत."

पाकीट उघडलं. मान लोण्यासारखी स्वच्छ.

"आधीचे कुठेत?"

"त्यांच्यावरच सेव्ह केले, जुने पुसले गेले. कार्डही मोकळं करून ठेवलंय, तुम्हाला जागा हवी ना."

मी बोंबच ठोकली. ते डाग कसले होते ते भर दुकानात ओरडून सांगितलं, लाज गेली खड्ड्यात. तो दुकानाचं शटर ओढून कॉम्प्युटरवर काय काय खटपट करत राहिला. काही परत आलं नाही.

"एका शब्दाने बोलला असतात, मावशी," तो म्हणाला. मी पाकीट पिशवीत कोंबलं.

घरी भाचीला पुन्हा खिडकीशी बसवलं. इकडे मान फिरव, तिकडे फिरव. आता मानेवर नुसती पिवळट झाक उरली होती. कॅमेऱ्यात तीही येईना. वकीलबाईंनी पाकीट पाहिलं आणि "यात काहीच नाही हो," म्हणून परत दिलं.

दुसऱ्या दिवशी भाची बॅग भरायला बसली.

"जाऊ नकोस गं," मी म्हटलं.

"चिमणी तिथे आहे, मावशी."

तिने कपड्यांच्या घड्या घातल्या. मग टेबलावरचा कॅमेरा उचलला, उलटसुलट करून पाहिला. "हा मी नेऊ? स्टुलावर ठेवला की आपोआप फोटो निघतो ना यात? ते कसं लावायचं, दाखव."

मी दाखवलं. तिला खिडकीशी बसवून सगळं शिकवलं. फ्लॅश बंद. उजेड बाजूने.

"आणि छापायला कुणाकडे देऊ नकोस," मी म्हटलं, "आधी माझ्याकडे आण."

"आणते," ती म्हणाली.