पिवळ्या पुंगळ्या

व्हर्लिन क्राउसच्या हातांना दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि ती तो लोकांना मुद्दाम दाखवायचा. उभी हयात कोळशाच्या खाणीत सुरुंग लावण्यात गेलेल्या माणसाने एवढी मिजास केली तर बिघडलं कुठे? त्याच्या बरोबरीचे निम्मे सुरुंगवाले टेकडीवरच्या दफनभूमीत होते आणि उरलेले कॉफीचा पेला डाव्या हाताने धरायला शिकले होते.

खाण सुटल्यावर तो परसातल्या शेडमध्ये काडतुसं भरू लागला. झाडलेली रिकामी पुंगळी साच्यातून काढून पुन्हा मापात आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बारूद मोजून घालायची आणि टेबलाला जखडलेल्या यंत्राचा दांडा ओढून वर शिशाची गोळी दाबायची. त्या खोऱ्यात हे निम्म्या घरांत चालतं आणि त्याचा एक नियम सगळे पाळतात: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्ख्या भावाने डबा भरून दिला तरी आभार मानून घ्यायचा आणि फळीवर ठेवून द्यायचा. या नियमाला सबंध खोऱ्यात अपवाद एकच, तो व्हर्लिनचा. चर्चचा पाद्री, गावातला न्हावी आणि खाणीतला त्याचा जुना जोडीदार ऑर्विल पिकरेल, ही माणसं त्याची काडतुसं डोळे मिटून वापरायची. व्हर्लिनला छातीवर लावायला कुणी पदक दिलं नव्हतं. हेच त्याचं पदक.

आई गेल्यावर त्याची मुलगी नोरीन त्याच्याजवळ राहायला आली. नवरा कधीचाच सोडून गेलेला, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, संध्याकाळी घरात दोनच माणसं आणि बोलायला विषय नाही. एका हिवाळ्यात म्हाताऱ्याने आपण होऊन तिला शेडमधलं दुसरं स्टूल पुढे सरकवून दिलं. नोरीनला बंदुकांचं काडीचं वेड नव्हतं. पण बापाने उभ्या जन्मात पहिल्यांदा जवळ बसवलं होतं, म्हणून ती बसली.

नवशिका ज्या चुका करतो त्या तिने एकूण एक केल्या. टोपी उलटी बसवली. गोळी पक्की बसावी म्हणून पुंगळीचं तोंड इतकं आवळलं की पुंगळीला पोट सुटलं आणि ती रिव्हॉल्वरच्या चक्रातल्या घरात जाईना. एकदा गोळी भलतीच खोल दाबली. तेव्हा म्हाताऱ्याने तिला सांगितलं, की आत जागा कमी झाली म्हणजे दाब वाढतो, आणि वाढलेला दाब कुणाच्या बापाचा नसतो. चुकलेलं काडतूस दामटून दुरुस्त करायचं नाही. काडतूस पोकळ डोक्यात अडकवून आपटायच्या खास हातोड्याने गोळी बाहेर काढायची, बारूद ओतून टाकायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. टेबलावर बारुदीचा डबा एका वेळी एकच, दोन जातींची मिसळली की दाबाचा भरवसा नाही. हात चालू असताना गप्पा नाहीत, रेडिओ नाही.

"आणि हे बघ," तो म्हणायचा, "रिव्हॉल्वरच्या पुंगळीत बारूद निम्म्यालाही येत नाही. दोनदा पडली तरी सांडत नाही, म्हणजे तुला कळणार नाही. गोळी लावायच्या आधी बॅटरी घेऊन एकेक पुंगळीत डोकावायचं. आळस केलास तर बोटं मोजायला दुसऱ्याला बोलवावं लागेल."

तिच्या चुका आपल्या मालात मिसळू नयेत म्हणून त्याने तिला वेगळ्या, पांढऱ्या मुलाम्याच्या पुंगळ्या दिल्या. त्याच्या स्वतःच्या साध्या पितळेच्या, पिवळ्या. वसंत येईतो नोरीनचा हात बसला. म्हाताऱ्याने तिला शाबासकी दिली नाही, पण शिव्या देणं बंद केलं. तिला ते शाबासकीहून गोड लागलं.

मार्चमधल्या एका रविवारी चर्च आटोपून तिघं, म्हणजे ती, बाप आणि ऑर्विल, सोडून दिलेल्या खाणीच्या कड्यापाशी नेम धरायला गेली. नोरीनची काडतुसं संपली तेव्हा बापाने आपल्या डब्यातली मूठभर तिच्या हातावर ठेवली. तिने चाप ओढला. बार झालाच नाही, ओली फांदी मोडावी तसा फुसका आवाज आला. हात शिकलेला होता. तिने दुसऱ्यांदा चाप ओढला नाही. ऑर्विलने रिव्हॉल्वर तिच्या तळहातावर रिकामं करून नळीत सळई घातली तर ती अर्ध्यावर अडली. बारूद नसलेल्या काडतुसाची गोळी नुसत्या टोपीच्या जोराने नळीत जाऊन रुतली होती. मागून दुसरी झाडली असती तर नळी तिच्या हातात फुटली असती.

"घ्या," व्हर्लिन ऑर्विलला म्हणाला, "आमच्या बाईसाहेब बारूद घालायला विसरल्या. स्वयंपाकातही मीठ असंच विसरते."

ऑर्विल हसला नाही. नोरीनच्या हातातली पुंगळी पिवळी होती. आत्ता या मिनिटाला आपणच काडतुसं काढून दिली हे तिच्या बापाला आठवत नव्हतं. तिने ती पुंगळी खिशात टाकली आणि मान खाली घालून बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा जेवून आडवा झाल्यावर ती शेडमध्ये गेली. टेबलावर बारुदीचे दोन डबे उघडे होते. एकातली दुसऱ्यात ओतली होती. काळे चपटे कण आणि करडे गोल दाणे एकात एक कालवलेले तिला स्पष्ट दिसले. तिने हातोडा घेऊन बापाच्या एका डब्यातली काडतुसं फोडायला घेतली. बरीचशी काडतुसं ठीक निघाली. मग एक निघालं साफ रिकामं. आणि त्यानंतर एक असं निघालं की त्यातली बारूद काट्यावर नेमकी दुप्पट भरली.  नोरीन स्टुलावर बसून रडली, आणि ते रडू स्वतःच्या वाचलेल्या बोटांसाठी नव्हतं. सबंध हिवाळाभर ज्या चुकांसाठी बापाने तिला फाडून खाल्लं, त्या तो आता स्वतः करत होता आणि त्याला पत्ता नव्हता. गेल्या काही महिन्यांत तो दोनदा गाडी कुठे लावली ते विसरला होता, एकदा मेलेल्या बायकोला हाक मारून बसला होता. वय झालं, असं म्हणून तिने ते बाजूला सारलं होतं.

आता करायचं काय? तीन घरांत बापाची काडतुसं होती. खरं सांगितलं तर बापाची सबंध जन्माची अब्रू जाणार. नाही सांगितलं तर कुणाचा तरी हात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार करून तिने मधला रस्ता काढला. मधले रस्ते सोपे वाटतात, तिथेच माणूस फसतो.

ती दारोदार गेली आणि सांगत सुटली, की माझी नवशिकीची काडतुसं चुकून बाबांच्या डब्यांत गेली आहेत, तेवढे डबे परत द्या. पाद्र्याने लगेच दिले. न्हाव्याने देताना दोन टोमणे मारले. ऑर्विलने तळघरातून डबा आणला, पण हातात देईना.

"तुझ्या पांढऱ्या असतात ना गं, पोरी?"

नोरीनने नुसता हात पुढे केला. ऑर्विलने डबा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मी वर्षभर याला हात लावलेला नाही. दुकानातून आणतो आणि त्याच्या डब्यात भरून नेतो. तेवढंच त्याला बरं वाटतं."

तिला त्याचा राग आला. वर्षभर माहीत असून हा गप्प बसला आणि तिला बापाशेजारी बंदूक धरून उभी राहू दिली. पण ती स्वतः तरी दुसरं काय करत होती? ती डबा घेऊन निघाली.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. न्हाव्याच्या खुर्चीत केस कापून घेताना व्हर्लिनच्या कानावर तिची ती कहाणी आली. घरी येऊन तो तिच्यावर ओरडला नाही. लोखंडी कुलूप आणून त्याने शेडला लावलं आणि शांतपणे सांगितलं, की तुझ्या हातून हे काम व्हायचं नाही, माझ्या नावाला बट्टा लागला. मी सगळ्यांना ताजी काडतुसं भरून देणार आणि रविवारी चर्चमध्ये हातोहात वाटणार. म्हणजे आता त्याच्यामागे उभं राहून बघणारं कुणी उरलं नव्हतं. कुलूप लागलं ते तिच्याच खोटेपणामुळे.

दोन दिवस ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून यंत्राच्या दांड्याचा आवाज ऐकत राहिली. दांडा पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग तोच दांडा पुन्हा पडायचा. आपण कुठवर आलो होतो हे तो प्रत्येक थांब्याला विसरत होता. शनिवारी दुपारी तिच्याने राहवेना. तो आत असल्याने कुलूप निघालेलं होतं; ती उघड्या दारातून आत गेली आणि तिने फोडलेल्या पुंगळ्या आणि बशीत ओतलेली बारूद त्याच्यापुढे ठेवली. रिकामी वेगळी, दुपटीची वेगळी, कालवलेली वेगळी.

त्याने चष्मा लावून पाहिलं. "हे कुठल्या गाढवाचं काम?"

"पुंगळ्यांचा रंग बघा, बाबा."

त्याने बघितला. एकेक उचलून उजेडाकडे नेली. मग त्याने हातोडा घेतला आणि त्या दोन दिवसांत भरलेली काडतुसं स्वतःच फोडायला बसला. ती मदतीला पुढे झाली तर त्याने कोपराने तिला मागे सारलं. त्याला दुपटीचं मिळालं. मग आणखी एक मिळालं. तो थांबला तेव्हा त्याचे हात टेबलावर पडून होते, दहाही बोटं पसरलेली.

"हा ऑर्विलचा डबा," तो म्हणाला. "उद्या मी त्याला दिला असता, नोरीन."

त्यानेच पाना मागून घेतला आणि यंत्राचे बोल्ट सोडले. बारुदीचं काय करायचं तेही त्यानेच सांगितलं: परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यावर पातळ पसरून टाक, खत होतं. संध्याकाळी त्याने मक्याची पोळी आणि घेवड्याची आमटी पोटभर खाल्ली. नोरीनला वाटलं, सुटलो. बाप सगळं सोसून उभा राहिला याचा तिला अभिमानही वाटला.

सकाळी तो शेडमधून ओरडत आला, की माझं यंत्र चोरीला गेलं.

तिने त्याला खुर्चीत बसवून सगळं पुन्हा सांगितलं. त्याचा चेहरा काल उतरला होता तसाच पहिल्यापासून उतरला. तिसऱ्या दिवशीही तेच. सत्य एकदा सांगायचं असतं तर तिने ते सांगून छाती ठोकली असती. इथे ते रोज नव्याने सांगायचं होतं आणि रोज नव्याने तो माणूस मोडून पडणार होता. आठवडाभराने तिचा धीर सुटला. तो यंत्र शोधायला लागला तेव्हा ती म्हणाली, माझ्या हातून मोडलं, बाबा. तेव्हापासून ती रोज त्याची बोलणी खायची. उलटी टोपी, आवळलेलं तोंड, खोल गोळी, दुपटीची बारूद, यातली एकही गोष्ट तो विसरायचा नाही. कालवण कसलं खाल्लं ते त्याला सांगता यायचं नाही, पण हे सगळं मुखोद्गत. ऑर्विल कधी येऊन बसायचा आणि मान हलवत ऐकायचा. नोरीन भांडी घासता घासता सगळ्याला हो म्हणायची, आणि खरं सांगायचं तर दिवसातली तेवढीच वेळ तिला बरी वाटायची, कारण तेवढा वेळ बाप पूर्वीसारखा चिडका असायचा.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला तेव्हाची गोष्ट. ती त्याच्यासाठी कॉफी घेऊन शेडमध्ये गेली. तो रिकाम्या टेबलाशी बसला होता. शिव्या ऐकायची तयारी ठेवून तिने पेला पुढे केला आणि नेहमीसारखं सांगितलं, की यंत्र माझ्या हातून मोडलं.

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. चटकन उठून त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि दुसरं स्टूल हाताने पुसून तिच्याकडे सरकवलं.

"असू द्या हो, बाई," तो अदबीने म्हणाला, "नवीन माणसाकडून होतंच. बसा तुम्ही. घरचे कुणी शिकवणारे नाहीत का तुम्हाला?"

नोरीन बसली. नाहीत, असं तिने सांगितलं, आणि त्याने तिला पहिल्यापासून शिकवायला सुरुवात केली.