शेवटच्या पंगतीचा मान

गोमटेश सरांना रोमचं साम्राज्य बुडाल्याचं दुःख घरातलं कुणी गेल्यासारखं व्हायचं. अख्खी नोकरी कॉलेजात जगाचा इतिहास शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरही शनिवारी सकाळी ते आपल्या आजोबांनी काढलेल्या बोर्डिंगात येऊन पोरापोरींना तोच इतिहास सांगत. पोरं गगनबावडा, मलकापूर, राधानगरीकडची. निम्मी पोह्यांसाठी बसतात हे सरांना ठाऊक होतं, पण ते रागवायचे नाहीत.

त्या शनिवारी विषय होता गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सचा. रोमचं सैन्य निघून गेलं, शहरं उघडी पडली. मग तिथल्या बड्या घरांनी काल ज्यांना रानटी म्हणून नाकं मुरडली, त्याच टोळ्यांचे सरदार राखणीला ठेवले. राखणदारांना आधी पगार दिला, मग जमिनी, मग हुद्दे, आणि बघता बघता राखणदारच धनी झाले. "पण जुनी घराणी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती," सर रंगात येऊन म्हणाले. रोमचे हुद्दे संपले तशी त्या घरांतली माणसं बिशप झाली. फ्रँक टोळीच्या क्लोविस राजाला त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यासमोर मान वाकवायला लावली आणि तलवारीला धर्माचा लगाम घातला. सर हे अशा थाटात सांगत होते, जणू तो लगाम त्यांनी स्वतःच धरला होता.

मागच्या रांगेत स्नेहल बसली होती. ती याच बोर्डिंगात राहून शिकली, सरांच्याच हाताखाली बी.ए. झाली आणि आता कोल्हापूरच्या कोर्टात वकिली करत होती. बोर्डिंगच्या मंडळावरही होती. पोरं पोह्यांकडे पळाल्यावर ती पुढं आली.

"सर, क्लोविसनं पुढं काय केलं ते सांगितलं नाहीसा."

"चर्च बांधली की."

"आणि भाऊबंद?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. राज्याला वाटेकरी नको म्हणून क्लोविसनं आपले नातलग राजे एकेक करून संपवले, असं जुने बखरकार लिहितात. तेही बाप्तिस्म्यानंतर. आणि तेच बखरकार पुढं लिहितात, की देव त्याच्यावर प्रसन्न होता. हे स्नेहलला सरांनीच शिकवलं होतं. आज मात्र त्यांनी तेवढंच गाळलं होतं, आणि का गाळलं ते दोघांनाही कळत होतं.

कारण फाटकावर बसलं होतं. काही वर्षांपूर्वी बोर्डिंगच्या पुढच्या मैदानात एका सकाळी कुणीतरी कुंपण उपटून पत्र्याचे गाळे ठोकले. पोलिसांनी कोर्टाकडे बोट दाखवलं, कोर्टानं तारखा दिल्या. शेवटी सर स्वतः उठून अमरसिंहकडे गेले. शहरात त्याचं नाव हळू आवाजात घ्यायची पद्धत होती. त्यानं सरांना खुर्ची दिली, चहा पाजला, आणि दुपारपर्यंत मैदान मोकळं झालं. पण मैदान मोकळं करायला आलेली त्याची पोरं परत गेली नाहीत. आधी फाटकाशी खुर्च्या आल्या, मग त्यांना एक खोली लागली, मग जेवण. मग अमरसिंह मंडळावर आला. दोन जुने सभासद तब्येतीचं कारण देऊन बाहेर पडले, आणि त्यांची तब्येत ठणठणीत असल्याचं सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं. संध्याकाळी उशीर झाला तर फाटकावरची पोरं मुलींना नावानं हाक मारून विचारायची, कुठं होतीस. आवाज काळजीचा असायचा, म्हणून तक्रारही करता यायची नाही.

आता वर्धापनदिन आला होता. बोर्डिंगचा रिवाज असा, की अध्यक्ष तीन वर्षांनी बदलायचा आणि नवा अध्यक्ष त्या दिवशी संस्थापकांच्या घरातून कुंकू लावून घेऊन स्वतःच्या हातानं सगळ्या लेकरांना वाढायचा. वाढून झालं की हातात पळी तशीच धरून म्हणायचं, 'मी वाढपी, मालक नव्हे.' मग सभासद मंजुरीचा हात वर करायचे, संस्थापकांच्या घरातलं माणूस पहिला घास घ्यायचं आणि पंगत सुरू व्हायची. अध्यक्षानं सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं जेवायचं. या खेपेला पाळी स्नेहलची होती. बोर्डिंगात वाढलेली मुलगी पहिल्यांदाच अध्यक्ष होणार म्हणून सरांनीच वर्षभर गावभर सांगितलं होतं.

आणि सरांनीच आता तिला थांबायला सांगितलं. अमरसिंहनं अध्यक्षपद मागितलं नव्हतं. मैदानाकडे बघत त्यानं नुसतं विचारलं होतं, की पाळी कुणाची हाय, सर? सर दोन रात्री झोपले नाहीत. मग त्यांना इतिहास सुचला. इतक्या शिकलेल्या माणसाला भलत्या वेळी इतिहासच सुचायचा, ही त्यांची खोडच होती.

"अगं, त्याला एकदा लेकरांसमोर पळी धरून बोलू दे," ते स्नेहलला म्हणाले. "फाटकावरचा माणूस कुणाला बांधील नसतो. शपथ घेतलेला असतो. तीन वर्षं कळ काढ."

"सर, आज लोक त्याला भितात. भितात म्हणून निदान मनातनं तरी शिव्या देतात. उद्या तुम्ही त्याला कुंकू लावल्यावर तेही बंद होईल."

सरांना राग आला. वकिलांना सगळीकडे खटलाच दिसतो, असं काहीतरी ते बोलून गेले. स्नेहलनं नाव मागं घेतलं, ते केवळ सरांच्या शब्दासाठी.

वर्धापनदिनी अमरसिंह पांढऱ्या कपड्यात आला. सरांनी त्याला कुंकू लावलं, फेटा बांधला. तो वाकून पाया पडला तेव्हा सरांना गलबलून आलं, आपण जिंकलो असंच वाटलं. मग त्यानं वाढायला घेतलं. भात, आमटी, चटणी, शेवटी लापशी. घाई नाही, सांडलवंड नाही. प्रत्येक पोराला तो नावानं हाक मारत होता, गावाचं नाव घेत होता, बाप काय करतो ते विचारत होता. एका मुलीला म्हणाला, तुझा भाऊ इचलकरंजीला यंत्रमागावर हाय न्हवं, दुसऱ्या पाळीला? मुलगी हरखून हसली. सरांच्या मनात मात्र आलं, एवढं सगळं त्यानं कधी आणि कशाला माहीत करून घेतलं?

वाढून झालं. हॉलमध्ये पंगत मांडी घालून बसलेली, मधोमध उभा तो एकटा. पळी छातीशी धरून तो म्हणाला, "मी वाढपी, मालक न्हवं." आवाज थोडा कापलाही. कडेला तांब्या घेऊन उभ्या बोर्डिंगच्या स्वयंपाकीण तानाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सर हात वर करणार तोच तो पुढं बोलला.

"मालकाला मुदत असती. वाढप्याला कसली मुदत? लेकरं रोज भुकी व्हत्यात. सरांनी आज माझ्या कपाळाला कुंकू लावलंय, आता ही पळी मी मरेपर्यंत खाली ठेवणार न्हाय."

दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या पोरांनी टाळ्या सुरू केल्या. मग लेकरांनी वाजवल्या, मनापासून. सभासदांचे हात वर गेले. सरांचाही गेला. कधी गेला हे त्यांना कळलं नाही.

स्नेहलचा गेला नाही. ती उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "नियम तीन वर्षांचा आहे. मला हे मान्य नाही."

लेकरांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू देवळात कुणीतरी चपला घालून आलंय. कालपर्यंत हीच लेकरं तिच्यामागं ताई ताई करत फिरत होती.

अमरसिंह चिडला नाही. उलट मऊ आवाजात म्हणाला, "ताईंस्नी बरं वाटंना. गाडीतनं घरापर्यंत सोडा रे."

दोघंजण तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. आपली स्कूटर आहे, ती म्हणाली. त्यातल्या एकानं अदबीनं हात पुढं केला आणि चावी द्या, ती पण आणून देतो म्हणाला. स्नेहलनं चावी मुठीत घट्ट धरली आणि सरांकडे बघितलं. फक्त सरांकडे.

सर संस्थापकांचे नातू होते. त्यांनी 'थांबा' म्हटलं असतं तर निदान तेवढ्यापुरतं सगळं थांबलं असतं. शब्द घशापर्यंत आलाही होता. अमरसिंह खाली वाकला, त्यांच्या पानात लापशी वाढली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"घ्या सर. लेकरं तुमच्यासाठी थांबल्यात."

ती खरंच थांबली होती. हात पानाजवळ नेऊन सगळी सरांच्या तोंडाकडे बघत होती. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. सरांनी पहिला घास घेतला, आणि पंगत जेवायला लागली.